शोधायला गेले एक, दिसलं भलतंच! एक्स-रेचे जनक रॉन्टजेन आणि फुफ्फुसातली वाट चुकलेली शीर

खोकला जात नाही म्हणून डॉक्टर छातीचा फोटो काढून आणायला सांगतात. किंवा गाडीवरून पडल्यावर खबरदारी म्हणून सीटी स्कॅन होतो. न्यूमोनिया नसतो, बरगड्याही शाबूत असतात. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते. फुफ्फुसातली एक शीर नेहमीच्या ठिकाणी जात नाही, जन्मजात वेगळेपण असण्याची शक्यता आहे, पुढील तपासणी करावी.

ज्याच्या छातीत ही शीर आहे, तो माणूस तीस-चाळीस वर्षं तिच्यासह जगलेला असतो. शाळेत धावलेला असतो, गड चढलेला असतो. आणि एका संध्याकाळी त्याला कळतं, की आपण आतून थोडे वेगळे आहोत. पुढे काय? घाबरायचं? की इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून द्यायचा?

न शोधता सापडलेल्या गोष्टीचं काय करायचं, हा प्रश्न ज्या माणसाच्या आयुष्यात सगळ्यात मोठा ठरला, त्याच्यामुळेच तर आपल्याला हे फोटो काढता येतात. त्याचं नाव विल्हेल्म कॉनराड रॉन्टजेन. क्ष-किरणांचा शोध लावणारा आणि भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ.

नाव सांगितलं नाही म्हणून शाळेतून काढलं

रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. आई मूळची ॲमस्टरडॅमच्या घराण्यातली. विल्हेल्म हे एकुलतं एक मूल. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब नेदरलँड्समधल्या आपेलडोर्न इथे राहायला गेलं.

पुढे उट्रेख्तच्या तांत्रिक शाळेत असताना एक प्रकार घडला. वर्गात कुणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं होतं. ते रॉन्टजेन यांनी काढलेलं नव्हतं, पण कुणी काढलं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नाव सांगायला नकार दिला. शाळेने त्यांनाच काढून टाकलं.

याचा परिणाम बरीच वर्षं त्यांच्या मागे लागला. त्यांच्याकडे विद्यापीठात प्रवेशासाठी लागणारं शाळेचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे बहुतेक दारं बंद झाली. झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मात्र ते प्रमाणपत्र नसलं तरी प्रवेश मिळू शकत होता. १८६५ मध्ये रॉन्टजेन तिथे पोहोचले. १८६८ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पुढच्याच वर्षी झ्युरिक विद्यापीठातून वायूंवरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली.

झ्युरिकमध्ये त्यांना दोन माणसं भेटली. एक होते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट कुंट. त्यांनी या इंजिनिअरला प्रयोगशाळेत ओढलं. दुसरी होती ॲना बर्था लुडविग. विद्यार्थ्यांचा राबता असलेल्या एका खानावळीच्या मालकाची मुलगी. ती त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती. जानेवारी १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्यांना मूल झालं नाही. पुढे त्यांनी बर्थाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी दत्तक घेतली.

कुंट वुर्झबर्गला गेले तेव्हा रॉन्टजेनही सहायक म्हणून त्यांच्यासोबत गेले. तिथे त्यांनी विद्यापीठात शिकवण्याची परवानगी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. कारण तेच, शाळेचं प्रमाणपत्र नाही! मग स्ट्रासबर्ग, होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबर्ग, गीसेन असा प्रवास झाला. आणि १८८८ मध्ये त्याच वुर्झबर्गने त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावलं. १८९४ मध्ये ते त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

तोवर त्यांची ओळख एकच होती. मोजमापात काटेकोर, स्वभावाने अबोल आणि आपली उपकरणं शक्यतो स्वतः हाताळणारा प्रयोगशास्त्रज्ञ. वय पन्नास. बहुतेकांच्या कामाचा सर्वोत्तम काळ या वयापर्यंत होऊन गेलेला असतो.

८ नोव्हेंबर १८९५ : नेमकं काय घडलं?

त्या काळी युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांमध्ये एक खेळ चालू होता. काचेच्या नळीतली जवळपास सगळी हवा काढून टाकायची आणि तिच्यातून उच्च दाबाची वीज सोडायची. आत एक प्रकारचे किरण तयार व्हायचे. त्यांना कॅथोड किरण म्हणत. हे किरण नळीबाहेर आले तरी हवेत काही सेंटीमीटरच जाऊ शकतात, हे तेव्हा माहीत झालेलं होतं.

८ नोव्हेंबर १८९५. शुक्रवारची संध्याकाळ. रॉन्टजेन यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती. खोलीत अंधार. उजेड कुठून बाहेर पडत नाही ना, हे ते तपासत होते. तेवढ्यात नळीपासून बऱ्याच अंतरावर काहीतरी मिणमिणताना दिसलं. तो बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप दिलेला एक पडदा होता. वीज बंद केली की चमक जायची. चालू केली की परत यायची.

कॅथोड किरण इतक्या लांब पोहोचूच शकत नव्हते. काळ्या पुठ्ठ्यातून उजेडही येत नव्हता. म्हणजे नळीतून तिसरंच काहीतरी बाहेर पडत होतं.

हा निव्वळ योगायोग होता का? पडदा तिथे असणं हा योगायोग म्हणता येईल. पण गंमत अशी, की असा योगायोग याआधी इतरांच्याही वाट्याला येऊन गेला होता.

२२ फेब्रुवारी १८९० ची गोष्ट. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये आर्थर गुडस्पीड हे प्राध्यापक आणि विल्यम जेनिंग्ज हे छायाचित्रकार विजेच्या ठिणग्यांचे फोटो काढत होते. काम संपल्यावर गुडस्पीड यांनी अशाच काचेच्या नळ्या चालवून दाखवल्या. जवळच फोटोच्या काचा पडल्या होत्या आणि त्यांच्यावर नाणी ठेवलेली होती. काच धुतल्यावर तिच्यावर गोल चकत्या उमटलेल्या दिसल्या. त्यांचा अर्थ कुणाला लागला नाही. काच ठेवून दिली गेली. सहा वर्षांनी रॉन्टजेन यांची बातमी आली, तेव्हा त्यांनी ती शोधून काढली आणि आपल्या हातून काय निसटलं ते त्यांच्या लक्षात आलं.

जगातला एक्स-रेचा ज्ञात पहिला ठसा त्यांच्याकडे होता. पण पहिला शोध त्यांचा नव्हता. गुडस्पीड यांनी पुढे तसा दावाही केला नाही.

सात आठवडे मौन

रॉन्टजेन यांनी दुसऱ्या दिवशी कुणालाही काही सांगितलं नाही. पुढचे सात आठवडे ते प्रयोगशाळेत अक्षरशः कोंडून राहिले. जेवणखाणही बऱ्याचदा तिथेच व्हायचं. आपण बघतोय ते खरं आहे की डोळ्यांचा भ्रम, ही शंका त्यांना स्वतःलाच होती. त्यामुळे तपासण्यांची एक लांबलचक यादीच सुरू झाली.

किरणांच्या वाटेत साधारण हजार पानांचं जाडजूड पुस्तक ठेवलं. किरण आरपार गेले. पत्त्यांचे दोन कॅट ठेवले. तरी आरपार. लाकूड, रबर, ॲल्युमिनियमचे पत्रे लावून पाहिले. शिशाचा मात्र दीड मिलिमीटर पत्रादेखील किरण जवळजवळ अडवत होता. चुंबक जवळ नेला. कॅथोड किरण चुंबकाने वाकतात, हे मात्र सरळच गेले. बंद लाकडी पेटीतली वजनं फोटोत उमटली. धातूच्या एका तुकड्याच्या आतला असमानपणाही दिसला. आणि वाटेत स्वतःचा हात धरला, तेव्हा पडद्यावर हाडांची सावली आली.

२२ डिसेंबर १८९५ ला त्यांनी बर्थाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या काचेवर सुमारे पंधरा मिनिटं स्थिर ठेवायला सांगितलं. काच धुतल्यावर बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. ते चित्र पाहून बर्था दचकली, तिला ते स्वतःच्या मृत्यूचं दर्शन वाटलं, असं सांगितलं जातं. तोवर माणसाची हाडं उघडी दिसत ती जखमेत, शस्त्रक्रियेत किंवा तो गेल्यावर. जिवंत आणि धडधाकट माणसाने स्वतःचा सांगाडा पाहण्याची ही नवलाई होती.

२८ डिसेंबरला रॉन्टजेन यांनी वुर्झबर्गच्या भौतिक-वैद्यकीय संस्थेकडे आपला निबंध दिला. किरणांचं स्वरूप पूर्ण कळलेलं नसल्यामुळे त्यांनी त्यांना एक्स किरण म्हटलं. गणितात अज्ञात संख्येला एक्स म्हणतात, म्हणून. मराठी बीजगणितात आपण अज्ञाताला 'क्ष' मानतो, त्यामुळे आपल्याकडे ते झाले क्ष-किरण.

एका महिन्यात जगभर

१ जानेवारी १८९६ रोजी रॉन्टजेन यांनी निबंधाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवले. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि मग ती तारेने जगभर पसरली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये जर्मनीच्या सम्राटासमोर प्रात्यक्षिक झालं. २३ जानेवारीला वुर्झबर्गच्या सभेत रॉन्टजेन यांनी शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन कोलिकर यांच्या हाताचा फोटो सर्वांसमोर काढला. या किरणांना रॉन्टजेन किरण म्हणावं, असं कोलिकर यांनी तिथेच सुचवलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर रॉन्टजेन व्हायरल झाले होते. कंपन्या तंत्रज्ञान विकत घ्यायला तयार होत्या. रॉन्टजेन यांनी पेटंट घेतलं नाही. हा शोध सगळ्यांसाठी खुला असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे काही आठवड्यांतच डॉक्टर मोडलेली हाडं आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या, सुया शोधू लागले.

या घाईची दुसरी बाजूही लवकरच दिसली. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःच्या हातावर किरणांची चाचणी घ्यायचे. त्यांची त्वचा भाजली, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी एक्स-रेचं काम सोडून दिलं. रॉन्टजेन यांनी प्रयोगांसाठी जस्ताच्या पत्र्याची एक मोठी पेटी बनवून घेतली होती. नळी बाहेर आणि ते आत. मुख्य हेतू फोटोच्या काचा वाचवण्याचा होता, पण त्याने त्यांचंही रक्षण झालं.

आता ती वाट चुकलेली शीर

बर्थाच्या हातापासून सुरू झालेलं हे तंत्र काही वर्षांत छातीपर्यंत आलं. छातीचा फोटो काढला जायचा मुख्यतः क्षयरोग आणि न्यूमोनिया शोधण्यासाठी. पण फोटोमध्ये छातीतलं सगळंच उमटतं, डॉक्टरने विचारलेलं आणि न विचारलेलंही. त्यातूनच शिरांची ही जन्मजात गडबड जिवंत माणसांत दिसू लागली.

शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं एक वाक्य आठवून पाहा. शिरांमधून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त वाहतं, अपवाद फुफ्फुसातल्या शिरांचा. या शिरा साधारणपणे चार असतात, प्रत्येक फुफ्फुसातून दोन. फुफ्फुसात ऑक्सिजन घेतलेलं ताजं रक्त त्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात आणून सोडतात. तिथून ते शरीरभर जातं.

काही लोकांमध्ये यातली एखादी शीर डावीकडे न जाता उजव्या बाजूच्या रक्तप्रवाहाला जोडलेली असते. म्हणजे ताजं रक्त शरीराकडे जाण्याऐवजी वापरलेल्या रक्तात मिसळतं आणि पुन्हा फुफ्फुसाकडेच वळतं. एसटी प्रवासी भरून डेपोतून निघावी आणि गावाला न जाता गोल फिरून त्याच डेपोत परत यावी, तसं. एखादी गाडी अशी फिरली तर वेळापत्रक निभावतं. गाड्या वाढल्या तर डेपोवर ताण येतो. इथे तो ताण हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो.

असं होतं कशामुळे? गर्भ अगदी लहान असताना फुफ्फुसांचं रक्त शरीराच्या सामान्य शिरांमध्येच उतरत असतं. मग हृदयाच्या डाव्या बाजूकडून एक नवी वाट फुटते, ती फुफ्फुसांना जोडली जाते आणि जुन्या वाटा बंद होतात. एखादी जुनी वाट बंद व्हायची राहून गेली, की ती शीर जन्मभर चुकीच्या बाजूला जोडलेली राहते. आईने गरोदरपणी अमुक खाल्लं म्हणून असं झालं, अशा बोलण्याला काही आधार नाही.

याची पहिली नोंद १७३९ मध्ये पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ जाक-बेनिन्य विन्स्लो यांनी केली. १८३६ मध्ये लंडनचे जॉर्ज कूपर आणि पॅरिसचे राउल शासिना यांनी याच गटातला एक वेगळा प्रकार नोंदवला. या सगळ्या नोंदी शवविच्छेदनातल्या. म्हणजे माणूस गेल्यावर कळायचं, त्याला काही उपयोग नाही. मृत्यूनंतरच्या तपासण्यांमध्ये हे वेगळेपण हजारात साधारण ४ ते ७ जणांत आढळल्याची नोंद आहे. यातल्या कित्येकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागला नसणार.

चित्र पालटलं ते किरणांमुळे. १९४९ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स डॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शिरेचं निदान रुग्ण जिवंत असताना केलं. एक्स-रेला दिसणारं औषध रक्तात सोडून आणि हृदयापर्यंत नळी नेऊन त्यांनी ते साधलं.

१८३६ मध्ये नोंदवलेल्या त्या प्रकारात उजव्या फुफ्फुसातली शीर खाली उतरून पोटाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते. छातीच्या फोटोत तिची सावली हृदयाच्या उजव्या कडेला बाकदार पात्यासारखी दिसते. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टर कॅथरीन नील आणि सहकाऱ्यांनी त्याला सिमिटर सिंड्रोम म्हटलं. सिमिटर म्हणजे वाकडी तुर्की तलवार. मराठीत शमशेर म्हटलं तरी चित्र डोळ्यांसमोर येईल. हा प्रकार फारच दुर्मीळ, लाखभर जन्मांमागे साधारण १ ते ३.

सावली तीच, अर्थ वेगळा

फोटोत शमशेर दिसली म्हणजे निदान पक्कं, असं मात्र नाही. काही लोकांमध्ये फुफ्फुसातली शीर नागमोडी वळणं घेत जाते. फोटोत तिची सावली हुबेहूब त्या तलवारीसारखी दिसू शकते. पण शेवटी ती योग्य ठिकाणी, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातच उघडते. रक्त बरोबर जागी पोहोचतं. अशा शिरेला सहसा कोणत्याही उपचाराची गरज पडत नाही.

म्हणजे दोन माणसांच्या छातीच्या फोटोत जवळपास एकच रेघ दिसते. एकाला कदाचित शस्त्रक्रिया लागेल, दुसऱ्याला निश्चिंत घरी जाता येईल. फरक रेघेत नाही, ती रेघ जाऊन कुठे मिळते यात आहे. साध्या एक-रेत हा शेवट नीट दिसत नाही, कारण त्यात शरीराच्या सगळ्या थरांच्या सावल्या एकावर एक पडतात.

ही अडचण सीटी स्कॅनने सोडवली. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ते यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलं होतं. वापर क्ष-किरणांचाच, पण अनेक कोनांतून आणि संगणकाच्या मदतीने. त्यामुळे शरीराचे काप पाडल्यासारखे थर दिसू लागले. आज कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीमध्ये शीर कुठून निघते आणि कुठे जाते, हे बोट ठेवून दाखवता येतं.

यातूनच अनपेक्षित शोध वाढले. कर्करोगाच्या तपासणीसाठी, अपघातानंतर किंवा हृदयाच्या ठोक्यांवरच्या उपचाराआधी सीटी होतो आणि ही शीर दिसते. कधी अतिदक्षता विभागात मानेच्या डाव्या शिरेतून लांब नळी घातली जाते. नळीतून लालभडक रक्त येतं. चुकून धमनीत सुई गेली की काय, अशी धास्ती वाटते. फोटोत नळीचं टोकही भलतीकडे दिसतं. नीट तपासल्यावर कळतं, की धमनीला काही झालेलं नाही. नळी वाट चुकलेल्या फुफ्फुस-शिरेत शिरली होती, म्हणून रक्त ताजं होतं.

मग डॉक्टर काय करतात?

इथे रॉन्टजेन यांचे सात आठवडे आठवावेत. दिसलेली गोष्ट त्यांनी सोडूनही दिली नाही आणि लगेच गाजावाजाही केला नाही. एकामागून एक प्रश्न विचारले. या शिरेच्या बाबतीतही तेच करावं लागतं.

पहिला प्रश्न : शीर खरंच कुठे उघडते? त्यासाठी सीटी किंवा एमआरआय. मोठ्या माणसांत छातीवरून केलेल्या साध्या इकोमध्ये या शिरा नीट न दिसण्याची शक्यता असते. त्यामुळे इको नॉर्मल आला एवढ्यावर विषय संपत नाही.

दुसरा : शिरा किती आहेत आणि सोबत हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे का? उजव्या बाजूच्या काही प्रकारांत असं छिद्र अनेकदा आढळतं.

तिसरा : हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला आहे का? तिचा आकार वाढला आहे का, फुफ्फुसातला रक्तदाब चढला आहे का? एमआरआयमध्ये रक्तप्रवाह मोजता येतो. फुफ्फुसाकडे जाणारं रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दीडपटीहून जास्त असेल आणि हृदयावर ताण दिसत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत शिरेची वाट डाव्या कप्प्याकडे वळवली जाते.

एकच शीर असेल, प्रवाह कमी असेल, हृदयाचा आकार ठीक असेल, तर बहुतेकदा काहीच कापायची गरज नसते. ठरावीक काळाने तपासणी पुरते. पण ती तपासणी चुकवायची नसते, कारण ताण हळूहळू वाढतो आणि दम लागणं, धडधड, थकवा ही लक्षणं उशिरा येऊ शकतात. आणखी एक साधी गोष्ट. पुढे कधी फुफ्फुसाची शस्त्रक्रिया किंवा मानेतून नळी घालायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना हे आधी माहीत असणं फार महत्त्वाचं ठरतं. म्हणून तो रिपोर्ट जपून ठेवायचा आणि दाखवायचा.

शेवटची वर्षं

स्वतः रॉन्टजेन मात्र प्रसिद्धीने सुखावले नाहीत. क्ष-किरणांवर त्यांनी एकूण तीनच निबंध लिहिले, शेवटचा १८९७ मध्ये. सरदारकीचा मान देऊ केला गेला, तो त्यांनी नाकारला. १९०० मध्ये ते म्युनिकला गेले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. ते स्टॉकहोमला जाऊन पदक घेऊन आले, पण नोबेल व्याख्यान दिलं नाही. बक्षिसाची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. कधीकाळी प्रमाणपत्र नाही म्हणून दार लावून घेणारं हेच ते विद्यापीठ.

वादही पाठ सोडत नव्हता. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने कॅथोड किरणांवर आधी मोठं काम केलं होतं आणि रॉन्टजेन यांना नळीबाबत मदतही केली होती. आपलं श्रेय हिरावलं गेलं, ही सल त्यांना जन्मभर राहिली. लेनार्ड यांनाही १९०५ मध्ये नोबेल मिळालं, तरी कटुता गेली नाही. रॉन्टजेन यांनी जाहीर वाद घातला नाही.

पहिल्या महायुद्धात त्यांच्या किरणांनी आघाडीच्या दोन्ही बाजूंना जखमींच्या शरीरातल्या गोळ्या शोधल्या. फ्रान्सच्या बाजूने मारी क्युरी एक्स-रेची यंत्रं गाड्यांवर चढवून फिरवत होत्या. युद्ध संपलं आणि १९१९ च्या ऑक्टोबरअखेरीस दीर्घ आजारानंतर बर्था गेली. जगातल्या सर्वात प्रसिद्ध एक्स-रेतला हात तिचा होता.

त्यानंतर जर्मनीत महागाईचा भडका उडाला. लोकांच्या आयुष्यभराच्या बचती मातीमोल झाल्या. रॉन्टजेन यांचीही झाली. पेटंट घेतलं असतं तर कदाचित गडगंज श्रीमंत झाला असता, असा माणूस म्हातारपणी काटकसरीत राहत होता. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची बरीचशी वैज्ञानिक कागदपत्रं जाळण्यात आली. गीसेनमध्ये आई-वडिलांच्या आणि बर्थाच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला.

८ नोव्हेंबर हा दिवस आता जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. जर्मनीत आजही एक्स-रे काढण्याला रॉन्टजेन यांच्याच नावाने ओळखतात. स्वतः रॉन्टजेन यांना मात्र आपलं नाव किरणांना दिलेलं फारसं रुचत नव्हतं. ते एक्स किरणच म्हणत राहिले. म्हणजे अजून उत्तर काढायचं बाकी आहे, असं सांगणारं नाव. मराठीने ते जसंच्या तसं ठेवलं. रिपोर्टच्या शेवटी अनपेक्षित ओळ दिसली, तर तीही आधी एक क्षच असते. उत्तर पुढच्या तपासणीत मिळतं.